छातीत उतरलेलं पाणी

माझ्या नवऱ्याला तीर्थाने वाचवलं आणि डॉक्टरणीने जवळजवळ मारला, असं आमच्या गावात आजही सांगतात. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना सांगतात, देवळाच्या पायरीवर सांगतात, माझ्या शिवणाच्या दुकानात ब्लाऊजचं माप देता देताही सांगतात. गळ्यात टेप अडकवून मी ऐकत उभी असते आणि तळपायाची आग मस्तकात जाते. सुरुवातीला मी प्रत्येकीशी भांडले. भांडून काही झालं नाही, काही गिऱ्हाइकं तेवढी दुसऱ्या दुकानात गेली. म्हणून आता लिहिते. कागद निदान "पुण गो" म्हणून मध्ये तोंड घालत नाही.

मी मूळची मुळगावची. लग्न होऊन पेडण्यात आले. नवरा तुयेच्या कारखान्यात मशीनवर काम करतो. चाळिशीतला, अंगापिंडाने मजबूत, आणि "माका कायएक जायना" या एका वाक्यावर आजवरचं आयुष्य काढलेला. सासू तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवला तो थोरल्या बहिणीने. ती माझी नणंद, तिला मी वन्स म्हणते. वन्सचं सासर आमच्याच गावात, पलीकडच्या वाड्यावर, देवळाला लागून. यजमान गेल्यापासून तिला दोनच कामं, देव आणि भाऊ. बाई वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल पुष्कळ वाईट बोलणार आहे.

मे महिना होता. वन्सला साटां घालायची होती, म्हणजे फणसाचा रस ताटात ओतून उन्हात वाळवलेल्या पोळ्या. त्याला रसाळ फणस लागतो आणि रसाळ फणस वरून पडला तर फुटून नुसता चिखल होतो. म्हणून तो दोरीने उतरवायचा. वर चढलेल्या माणसाने फणसाला दोर बांधला, फांदीवरून खाली सोडला आणि देठ कापायला घेतला. खाली माझा नवरा दोर धरून उभा. धरून म्हणजे कसा, तर मनगटाला वेढे देऊन! मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मनगटाला गुंडाळू नका हो." उत्तर आलं, "माका कायएक जायना." फणस निघाला त्याच्या अंदाजाच्या दीडपट. देठ तुटला, दोराला हिसका बसला आणि याचा हात वर खेचला गेला. फणस सुखरूप खाली आला. खांदा मात्र जागेवरून निसटला होता आणि माझा कायएक न होणारा नवरा मातीत बसून आईच्या नावाने ओरडत होता.

जवळ एक लहानसं खासगी इस्पितळ आहे, तिथे नेलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याचा दोष नव्हता. म्हणजे त्या दिवशी तरी नव्हता. तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, सिंधुदुर्गातली, बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली. तिने खांदा बघितला, एक्स-रेचा फोटो काढून घेतला आणि विचारलं, "शेवटचं काय खाल्लं? कधी?" सकाळी लवकर चहा आणि उंडो पाव, त्यानंतर काही नाही. "पाणी?" तेही नाही. तरी तिने थोडा वेळ थांबवलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "शिरेतून औषध देते. पूर्ण भूल नाही, अर्धवट झोप. श्वास त्यांचा तेच घेतील. फार क्वचित घसा आवळतो, त्याहून क्वचित छातीला त्रास होतो. म्हणून मी जवळ उभी असते." मी मान डोलावली. अशा वेळी माणूस मानच डोलावतो, दुसरं काय करणार?

खांदा बसला तो मी डोळ्यांनी पाहिला. तिने चादर काखेखालून घालून नर्सला एका बाजूने धरायला लावली, हात हळूच ओढत फिरवला, आणि आतून एक जाड आवाज आला. तो ओरडला नाही, कण्हलाही नाही. एवढं मोठं धूड, आणि त्या पोरीने मुरलेल्या सुईणीसारखं काम केलं. मला तिथेच तिच्या पाया पडावंसं वाटलं. नर्स म्हणाली, "नीट जाग येईपर्यंत तोंडात काही घालू नका हां. पाण्याचा थेंबसुद्धा नको." आणि मला हाताला बांधायची झोळी आणायला शेजारच्या औषधांच्या दुकानात पाठवलं.

तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. एक, मोटरसायकलवरून पडलेला कोणी रक्तबंबाळ होऊन आला आणि डॉक्टरीण पडद्यापलीकडे धावली, तिच्यामागून नर्सही. नवऱ्याच्या बोटाला लावलेलं मशीन चालू होतं. नर्सने तिथून हलायला नको होतं, असं पुढे कोणी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ते कोणी म्हणालंच नाही. दोन, वन्स आली, आपल्या मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, थेट देवळातून. मी झोळी घेऊन दाराशी पोचले तेव्हा ती बाटलीचं झाकण लावत होती. नवऱ्याच्या कपाळावर अंगारा आणि हनुवटी ओली.

"वन्स, काय दिलंत?"

"तीर्थ गो. देवळातसून हाडलंय. दोन झाकणां घातलंय तोंडात."

"काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय!"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी परकी भाषा बोलत होते. "पाणी दिवक नाय मगो. तां तीर्थ."

तेवढ्यात नवऱ्याच्या गळ्यातून आवाज आला. कोंबडा आरवायला गेला आणि कोणी मध्येच त्याची मान धरली, तसा. मग तो आवाजही बंद झाला. छाती मात्र हलत होती, आणि ते बघणं भयंकर होतं. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायची, गळ्याखालचा खळगा वाटीएवढा खोल व्हायचा, पोट उलट्या बाजूने उसळायचं. सगळी ताकद लावून तो श्वास घेत होता आणि आत काही जात नव्हतं. ओठ जांभळे पडले. मशीन कोकलायला लागलं. मीही कोकलले असणार.

डॉक्टरीण पडदा ओढून आली. जबड्याच्या मागे कानाखाली दोन्ही हातांची बोटं रोवून तिने जबडा पुढे उचलला, नर्सने तोंडावर मास्क घट्ट दाबला, फुगा पिळला. हवा जाईना. पुन्हा दाबलं. वन्स कोपऱ्यात "म्हाराजा, म्हाराजा" करत होती. मग एकदम दार उघडावं तशी हवा आत गेली आणि ओठांवर रंग आला. त्याचा जबडा तसाच धरून, मान न वळवता तिने विचारलं, "कोणी काही पाजलं?"

वन्सने बाटली पदराखाली घेतली. मी म्हटलं, "तीर्थ दिलं. माझ्या नणंदेनं."

घामाघूम झालेली ती पोर म्हणाली, "बाई, तीर्थ असो नाहीतर काही असो, घशाला ते पाणीच."

एवढं एक वाक्य. तिने वन्सला दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. पण वन्सचा मुलगा दाराशी उभा होता. शिकून दोन वर्षं झाली, नोकरी नाही, मोबाइल आहे, आणि गावातल्या चार पोरांचा तो पुढारी आहे. ते वाक्य त्याने ऐकलं आणि जपून ठेवलं.

नवरा शुद्धीवर आला. माझ्याकडे बघून हसलाही. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण तासाभरात त्याला खोकला लागला. आधी सुका, मग ओला, मग उशीवर गुलाबी फेस. रक्त मिसळलेल्या साबणासारखा. झोपवला की गुदमरायचा, बसवला तरी धापा टाकायचा. फोटोत दोन्ही फुफ्फुसं ढगाळ, पांढरी. डॉक्टरीण क्षणभर त्या फोटोकडे बघत राहिली आणि मग तिने अँब्युलन्स मागवली. तिची पाळी संपत आली होती. तरी ती स्वतः अँब्युलन्समध्ये बसली आणि मोठ्या इस्पितळापर्यंत त्याच्या तोंडावर मास्क दाबून धरून आली. हे आमच्या गावात कोणी सांगत नाही.

मोठ्या इस्पितळात त्याला घट्ट मास्कच्या मशीनवर ठेवलं. जोराने हवा आत ढकलणारं मशीन, तोंडाला पट्ट्यांनी आवळलेलं. दुसऱ्या दिवशी फेस थांबला. तिसऱ्या दिवशी तो पेज मागायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा रडले. ती डॉक्टरीण दुसऱ्याच दिवशी, सुट्टी असताना, बसने त्याला बघायला आली होती. बाहेरच्या बाकावर बसून तिने मला सगळं समजावलं. औषधाने माणूस अर्धवट झोपलेला असतो तेव्हा घशातलं दार चटकन बिथरतं. लाळेचा थेंब, पाण्याचा थेंब काहीही पुरतं. दार गच्च मिटतं. छाती मात्र ओढतच राहते. "बंद बाटलीतून नळीने ओढलं की कसं गाल आत जातात? तसं फुफ्फुसात होतं. त्या ओढीने त्यांच्याच रक्तातलं पाणी फुफ्फुसात उतरतं. माणूस जेवढा ताकदवान, तेवढी ओढ जास्त. फार क्वचित होतं हे. मी पुस्तकात वाचलं होतं, बघितलं पहिल्यांदाच."

मी विचारलं, "म्हणजे तीर्थामुळेच झालं?"

ती म्हणाली, "बहुतेक. पण छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. या औषधाने कधी कधी काही न पाजताही घसा आवळतो."

तिने खोटं बोलायला हवं होतं. आज मला तसंच वाटतं. "हो, तीर्थामुळेच" असं ठणकावून सांगितलं असतं तर निदान लोक घाबरले असते. खरं बोलली आणि अडकली बिचारी. कारण मी मूर्खासारखं तिचं बोलणं जसंच्या तसं घरी सांगितलं, आणि भाच्याने त्यातलं अर्धंच उचललं. "बघा, तीच म्हणता औषधानसुद्धा जाता म्हणून! मग तीर्थाचा नाव कित्याक?"

त्याचा दुसरा मुद्दा सगळ्यांना पटला. "दोन झाकणां तीर्थान येवढो फेस येता? मामाच्या छातीतसून तांब्याभर पाणी भायर काढलां!" मी सांगून सांगून दमले की ते पाणी तीर्थाचं नव्हतं, त्याच्याच अंगातलं होतं, तीर्थाने फक्त दार लावलं. आमच्या ओसरीवर बसलेली माणसं माझ्याकडे दयेने बघत होती. नवऱ्याच्या काळजीने बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांचं ठरलं. साप साप म्हणून भुई धोपटायची आणि खरा साप दाखवला की म्हणायचं, दोर असेल!

वन्सशी मी एकांतात बोलले, तिच्या स्वयंपाकघरात. ती नारळ खवत होती. म्हटलं, "वन्स, तुम्ही मुद्दाम केलं असं कोणी म्हणत नाही. माहीत नव्हतं म्हणून केलं, एवढंच चारचौघांत सांगा. त्या पोरीची नोकरी जाईल."

तिने खवणं थांबवलं नाही. "गो, मी निर्जळी एकादस धरतंय. लाळ गिळूक भियेतंय. पुण तीर्थ घेतंय. तीर्थान उपास मोडना. मग तेका बाधात कसां?"

आणि मला कळलं की ती खोटं बोलत नाहीये. तिच्या लेखी तिने त्याला काही पाजलंच नव्हतं. नर्सने पाण्याचा थेंबसुद्धा नको म्हटलं होतं, तिने पाण्याचा थेंबसुद्धा दिला नव्हता. उभ्या जन्मात ज्याने उपास मोडला नाही, त्याने भावाचा श्वास मोडेल हे तिच्या डोक्यात शिरणार कुठून? डॉक्टरांनाही पाणी, चहा, दूध, पेज सगळं विचारायचं सुचतं, तीर्थ विचारायचं सुचत नाही. हे मला समजतं. समजलं म्हणून राग गेला नाही, उलट वाढला. कारण एवढं सरळ होतं ते! एक वाक्य बोलायचं होतं. "मला ठाऊक नव्हतं." पण आमच्याकडे बाई चुलीत हात घालील, हे वाक्य उच्चारणार नाही, आणि तिचा मुलगा तर तिला उच्चारू देणार नाही.

भाच्याने तोवर मोबाइलवर टाकलं होतं: डॉक्टरीण आमच्या देवाच्या तीर्थाला पाणी म्हणाली. आता बघा गंमत. माझ्या नवऱ्याच्या फुफ्फुसांची गोष्ट कुठल्या कुठे गेली. खांदा गेला, औषध गेलं, फेस गेला. राहिलं ते एवढंच, की तिने तीर्थाला पाणी म्हटलं. ज्यांनी माझ्या नवऱ्याची साधी विचारपूस केली नव्हती ते इस्पितळाच्या दारात जमले. घोषणा काय, नारळ काय! मी पण गेले होते, माझं कोण ऐकतंय बघायला. कोणी ऐकलं नाही. भाचा मला म्हणाला, "मामी, तू घराक वच. तू आमची की तिची?" मी म्हटलं, "ज्याचा जीव गेला असता त्याची." त्यावर कोणीतरी हसलं. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

इस्पितळाचे मालक डॉक्टर वयस्क, शहाणे, म्हणजे भित्रे. त्यांनी तडजोड काढली. डॉक्टरणीने देवळात येऊन हात जोडावेत, विषय मिटला. ती तयार झाली, हे विशेष. म्हणाली, "हात जोडते. मलाही देव आहे. पण माझी एक मागणी आहे. माझ्या खोलीच्या भिंतीवर एक वाक्य लावू द्या. पूर्ण जाग येईपर्यंत तोंडात काही घालू नये, तीर्थसुद्धा." झालं! "तीर्थसुद्धा" म्हटल्यावर लोक पुन्हा खवळले. मालकांनी तिला समजावलं, तेवढा एक शब्द काढ. ती म्हणाली, "तोच एक शब्द कामाचा आहे. बाकीचं तर आधीपासून सांगतोच की आम्ही."

आता एकच माणूस उरला होता ज्याच्या शब्दाला वजन होतं. माझा नवरा. मरता मरता वाचलेला तो. तो उठून म्हणाला असता की पोरीने मला वाचवलं, लावू द्या तिला भिंतीवर काय ते, तर भाच्याचं तोंड बंद झालं असतं, वन्सही गप्प बसली असती. घरी आलेल्यांनी त्याला विचारलंच. हात झोळीत बांधलेला, ओसरीवर बसलेला. तो म्हणाला, "माका कायच आठवणा नाय."

हे खरं होतं. त्या औषधाने आठवत नाही. पण मी त्याला सगळं सांगितलं होतं, मिनिट न् मिनिट, आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता. माणसं गेल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले. "आठवत नाही म्हणालात. माहीत नाही असं नाही म्हणालात."

"सोड गो," तो म्हणाला. "तायन माका वाडयलां. आपलीच माणसां."

"आणि ती कोण? परकी म्हणून तिला बुडवायची?"

"तिका दुसरीकडे नोकरी मेळात. तायक दुसरो भाव मेळाचो नाय."

त्या दिवशी मी जेवले नाही. उपास म्हणून नाही, संतापाने. जो माणूस फणस सोडेना म्हणून खांदा घालवून बसला, त्याला एक वाक्य धरून ठेवता येईना.

डॉक्टरीण महिन्याभरात गेली. देवळात हात जोडायला गेली नाही. जायच्या आधी माझ्या दुकानात आली होती, एक पंजाबी ड्रेस आतून आवळून घ्यायला. मी टेप काढून माप घ्यायला लागले. तीच म्हणाली, "त्यांना सांगा, खांदा पुन्हा निसटू शकतो. व्यायाम सोडायचा नाही." मी शिवण घातली, तिने ड्रेस घेतला, गेली. कुठे आहे ठाऊक नाही. ती गेल्यावर देवळात गाऱ्हाणं झालं, गावाच्या वतीने देवाला हाक घालतात ते. "बारा पाचाच्या देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक सुयेच्या संकटातसून सोडयलंस..." आणि सगळे मोठ्याने "होय म्हाराजा!" नवराही म्हणाला. मी त्याच्या शेजारी उभी होते. माझ्या तोंडातून होय निघालं नाही. देवावर माझा राग नाही, देवाने काय केलं होतं? राग त्या होय म्हणणाऱ्यांवर होता, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या एका होयवर.

काजूला मोहर आला त्या सुमाराची गोष्ट. खांद्याचा व्यायाम करून घ्यायला आम्ही त्याच इस्पितळात जात होतो. गाडी मीच चालवायची, कारण त्याचा हात अजून वर जात नव्हता. एकदा सकाळी दारातच एक जोडपं दिसलं. सावंतवाडीकडचं, इकडे काजूच्या बागेत मजुरीला आलेलं. बापाच्या कडेवर सात-आठ वर्षांची मुलगी. बांधावरून पडली होती. मनगटाच्या वर हात असा वाकडा झालेला, जसा पळीचा वाकडा दांडा. ती रडत नव्हती, नुसती थरथरत होती, आणि कोणी जवळ आलं की किंचाळायची.

आतून एक डॉक्टर आले, नवीन, भला माणूस. म्हणाले, "हाड जागेवर बसवायला हिला झोपवावं लागेल. इथे ते आता करत नाही. पुढे मोठ्या इस्पितळात न्या." त्यांनी हाताला फळी बांधून दिली, दुखण्याचं औषध दिलं. आई हात जोडून म्हणत होती, "गेल्या वर्साक माझ्या भयणीच्या झिलाक हयच निजवून बसवलो होतो हो हात. एक बारीकशी बाई होती." डॉक्टर म्हणाले, "आता बंद केलंय." अँब्युलन्स बाहेर गेली होती. बाप विचारत होता, बस किती वाजता आहे.

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "बसा."

मुलगी आईच्या मांडीवर, हात उशीवर. हमरस्त्याचं काम चाललेलं, खड्डे, वळणं, गतिरोधक. मी कासवाच्या चालीने नेत होते, तरी प्रत्येक धक्क्याला ती किंचाळायची. आधी "आये गे", मग नुसताच आवाज. मधे थोडी शांत व्हायची, मग पुढचा खड्डा. नवरा शेजारी समोर बघत बसला होता. दोन्ही हात मांडीवर. प्रत्येक किंकाळीला त्याचा तो खांदा उडायचा, मला दिसत होतं. मी रेडिओ लावला नाही. त्याच्यासाठी काचही वर केली नाही. ऐक म्हटलं मनात, सगळं ऐक.

कोलवाळचा पूल ओलांडला तेव्हा आईने मागून विचारलं, अगदी साध्या आवाजात, "दादानू, थयसर कित्याक ओ बंद केल्यानी? बरां होता नाय? ती बाई खंय गेली?"

इतके महिने मीच बोलत आले होते. आता बोलायचं नाही ठरवलं.

नवरा म्हणाला, "माझ्यामुळां."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ओसरीवर नाही, देवळात नाही, मालकासमोर नाही, वन्ससमोर नाही. बोलला तो इथे, जिथे कोणाचं काही बदलणार नव्हतं.

आईला कळलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुमी डॉक्टर?"

त्याने मान हलवली आणि खिडकीकडे वळला. मी पुढच्या खड्ड्यासाठी गाडी हळू केली, पण तो खड्डा रस्ताभर होता.